चौऱ्याऐंशी गोळ्या आणि एक खिडकी

सोफोसबुवीर आणि वेल्पाटासवीर यांची एकत्र गोळी अठ्ठावीसच्या बाटलीत येते. रोज एक, बारा आठवडे. म्हणजे तीन बाटल्या, ८४ गोळ्या. तिन्ही बाटल्या पिशवीच्या एका कप्प्यात मावतात आणि बहुतेकांचा हेपटायटिस सी त्यांनी कायमचा बरा होतो. एचआयव्हीचे औषध जन्मभराचे असते, हे तीन महिन्यांचे. असे असूनही ज्यांच्या रक्तात हे दोन्ही विषाणू आहेत, त्यांना अनेकदा 'आधी एचआयव्हीचं बघू, लिव्हरचं पुढे' एवढेच ऐकायला मिळते. या वाक्यामागे अनुभव आहे आणि काळजीही आहे, म्हणून ते झटकून टाकता येत नाही. जुन्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायची रीत होती, आणि तो असा मांडायचा की समोरच्याने 'हो, हेच माझं म्हणणं' अशी मान डोलवावी. तीच रीत इथे पाळली आहे. उत्तरपक्ष माझा आहे.

पूर्वपक्ष : एचआयव्हीचा कार्यक्रम आपण फार कष्टाने उभा केला आहे, हे आधी लक्षात घ्या. १ एप्रिल २००४ रोजी देशात आठ केंद्रांवर मोफत औषधे सुरू झाली, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांतले एक. आज देशात पंचवीस लाखांच्या आसपास माणसे एचआयव्हीसह जगत आहेत आणि महाराष्ट्रात त्यांची संख्या सर्वांत मोठी आहे. एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी सेंटरवर सकाळपासून रांग असते. समुपदेशकाला प्रत्येकाशी बोलायचे असते, गोळ्या मोजायच्या असतात, आलेला नाही त्याला फोन करायचा असतो. त्याच टेबलावर तुम्ही आणखी एक आजार आणून ठेवणार? तोही असा, की जो वीस-तीस वर्षे यकृतात मुकाट बसून राहतो आणि काहींच्या अंगातून तर पहिल्या सहा महिन्यांत आपोआप निघूनही जातो. शिवाय हेपटायटिस सी मुख्यतः रक्तातून पसरतो आणि महाराष्ट्रात एचआयव्ही पसरला तो मुख्यतः शरीरसंबंधांतून. दोन्ही असलेली माणसे आपल्याकडे थोडी आहेत. प्रतिकारशक्तीच्या सीडी फोर पेशी वाढू द्या, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, दबू द्या, मग यकृताच्या तज्ज्ञाच्या नावाने चिठ्ठी द्या. यात अन्याय कुठे आहे?

उत्तरपक्ष : तुमचा सगळा डोलारा 'हा आजार सावकाश वाढतो' या एका गृहीतकावर उभा आहे, म्हणून आधी तेच तपासू. वीस-तीस वर्षांचा हिशेब फक्त हेपटायटिस सी असलेल्यांचा आहे. सोबत एचआयव्ही आला की घड्याळ वेगाने फिरू लागते. एचआयव्ही सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात आतड्याच्या भिंतीतल्या सीडी फोर पेशी मारतो. भिंत विरळ झाली की आतल्या जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात, आणि आतड्याचे रक्त जाते ते थेट यकृताकडे. सीच्या लागणीने आधीच सुजलेल्या यकृतात त्यामुळे व्रण भरणाऱ्या पेशी चेततात आणि तंतूंचे जाळे विणत सुटतात. यकृत घट्ट होते, पुढे गाठाळते. त्यालाच सिऱ्हॉसिस म्हणतात. अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब २००१ मध्ये मांडला गेला. फक्त सी असलेल्यांच्या तुलनेत दोन्ही विषाणू असलेल्यांना सिऱ्हॉसिसचा किंवा यकृत निकामी होण्याचा धोका सुमारे तिप्पट निघाला. आपोआप बरे होण्याची शक्यताही एचआयव्ही असलेल्यांत कमी असते. एचआयव्हीची औषधे वेळेवर घेतली तर हा वेग मंदावतो, पण थांबत नाही. मुख्यतः युरोपातल्या तेवीस हजारांहून अधिक एचआयव्हीबाधितांच्या पाहणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात झालेल्या मृत्यूंपैकी दर शंभरातले चौदा-पंधरा यकृतामुळे होते, म्हणजे हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपेक्षा जास्त. यकृताने गेलेल्यांतल्या दोनतृतीयांश लोकांना हेपटायटिस सी होता. एड्सपासून वाचवलेली माणसे होती ती. ज्या आजाराला तुम्ही मुकाट म्हणता, त्याने वाचवलेले आयुष्य मागच्या दाराने काढून नेले.

आता 'थांबा' हा सल्ला आला कुठून, तेही पाहू. तो आला इंटरफेरॉनच्या काळातून, आणि त्या काळी तो बरोबर होता. आठवड्याला एक सुई पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली, सोबत रायबाव्हिरिनच्या गोळ्या, आणि हे ४८ आठवडे. सुईनंतर ताप आणि अंगदुखी, काहींना खोल नैराश्य. रायबाव्हिरिनने रक्त उतरायचे, त्यात एचआयव्हीसाठी झिडोव्ह्युडिन चालू असेल तर आणखीच. एवढे सोसून हाती काय लागायचे? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दोन्ही विषाणू असलेल्यांपैकी शंभरात चाळीस बरे झाले, आणि सी विषाणूचा जनुकप्रकार १ असलेल्यांत तर तिसाच्या आतच. अशा औषधापुढे डॉक्टर रुग्णाला म्हणायचे की जरा थांबा, काहीतरी बरे येईल. ती दया होती. पण ते 'बरे काहीतरी' येऊन आता दहाहून अधिक वर्षे झाली. सोफोसबुवीरला अमेरिकेत मान्यता मिळाली डिसेंबर २०१३ मध्ये. त्यानंतर दोन्ही विषाणू असलेल्यांवरच मुद्दाम केलेल्या चाचण्यांत लेडिपासवीरसोबत ९६ टक्के, डाक्लाटासवीरसोबत ९७ टक्के आणि वेल्पाटासवीरसोबत ९५ टक्के लोक बरे झाले. एचआयव्ही नसलेल्यांचे आकडे याहून वेगळे नाहीत. 'बरा व्हायला अवघड रुग्ण' हा शिक्का ज्या पुराव्यावर मारला होता तो पुरावाच उरलेला नाही. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. डाक्लाटासवीरच्या त्याच चाचणीत काहींना बाराऐवजी आठच आठवडे औषध दिले, तेव्हा बरे होणारे ७६ टक्क्यांवर आले. म्हणजे कालावधीत काटकसर करून चालत नाही.

पूर्वपक्ष : चाचणीतले रुग्ण निवडून घेतलेले असतात, एआरटीच्या खिडकीसमोर उभे राहणारे तसे नसतात. आपल्याकडच्या हजारो लोकांनी वर्षानुवर्षे एचआयव्हीसाठी इफाविरेन्झ घेतले. ते असताना वेल्पाटासवीर चालत नाही, कारण त्याची रक्तातली पातळी निम्म्यावर येते. डाक्लाटासवीर द्यायचे तर ६० मिलिग्रॅमचे ९० करावे लागतात. रिटोनावीरसोबत अटाझानावीर चालू असेल तर उलट ३० वर आणावे लागतात. क्षयरोगाचे रिफाम्पिसिन चालू असेल तर सोफोसबुवीर द्यायचेच नाही. हेपटायटिस बी लपलेला असेल तर सी जाताच तो उसळतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०१६ मध्ये याबाबत सर्वांत कडक दर्जाचा इशारा दिला आहे. एवढे सगळे ध्यानात ठेवणे तज्ज्ञाचे काम आहे. म्हणून तर चिठ्ठी.

उत्तरपक्ष : यातले एकही वाक्य खोटे नाही. पण पहिले तीन धोके ज्या औषधांमुळे होते ती औषधेच आता मागे पडत आहेत. २०२० पासून राष्ट्रीय कार्यक्रमाने टीएलडी आणली : टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर, तिन्ही एका गोळीत. डोल्युटेग्राविरचे सोफोसबुवीरशी, डाक्लाटासवीरशी किंवा वेल्पाटासवीरशी भांडण नाही. टेनोफोविरची पातळी वेल्पाटासवीरसोबत थोडी वाढते, म्हणून मूत्रपिंडावर लक्ष ठेवायचे, आणि क्रिएटिनिन तर एआरटी सेंटरवर तसेही तपासतातच. बी विषाणूचे म्हणाल तर टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन दोन्ही त्याच्यावर चालतात. बी उसळण्याची भीती एचआयव्ही नसलेल्या माणसाला जास्त आहे; टीएलडी घेणाऱ्याच्या पोटात त्याचे औषध रोजच जात असते. बीची चाचणी अर्थातच आधी करायची. उरला क्षयरोग. तिथे तुमचे म्हणणे पूर्ण मान्य : आधी क्षयाचे औषध संपू द्यावे. सीडी फोर फारच खाली असेल, एचआयव्हीचे औषध नुकतेच सुरू झाले असेल, तर तेही आधी रुळू द्यावे. पण हे थांबणे काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे असते आणि ते कधी संपणार हे कागदावर लिहिता येते. 'पुढे बघू' याला तारीख नसते, माझी हरकत त्याला आहे.

तज्ज्ञ हवाच, या गृहीतकाची परीक्षा झालेली आहे, आणि ती कशी झाली हे जरा सविस्तर सांगायला हवे. ब्राझील, दक्षिण आफ्रिका, थायलंड, युगांडा आणि अमेरिका या पाच देशांत चारशे लोकांवर एक चाचणी झाली. त्यांपैकी शंभरात बेचाळीस जणांना एचआयव्हीही होता. प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सगळ्या ८४ गोळ्या हातात दिल्या. जनुकप्रकार तपासला नाही. मधल्या तीन महिन्यांत ठरलेली एकही भेट नाही, रक्ततपासणी नाही. चौथ्या आणि बाविसाव्या आठवड्यात फक्त संपर्क साधला. ९५ टक्के बरे झाले. ज्यांचे यकृत निकामी होत आले होते किंवा ज्यांना बीची लागण होती, त्यांना या चाचणीत घेतलेले नव्हते, तेव्हा अशांसाठी तज्ज्ञ हवा हे खरेच. पण बाकीच्यांसाठी आपण ज्याला देखरेख म्हणतो, त्यातली पुष्कळशी सवय होती. या चाचणीचे नेतृत्व केले सुनील सॉलोमन यांनी. १९८६ मध्ये चेन्नईत देशातली पहिली एचआयव्ही लागण शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या त्यांच्या आई. त्या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या, आणि त्यांनी तिथे उभारलेल्या एड्स संशोधन संस्थेलाही गायतोंडे हेच नाव आहे. चाचणीतल्या निवडक रुग्णांवर विश्वास नसेल तर पंजाबकडे पाहा. तिथे जून २०१६ पासून सरकारने मोफत औषध सुरू केले. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने जिल्हा रुग्णालयांतल्या साध्या फिजिशियनना शिकवले आणि उपचार त्यांनीच केले. पहिल्या सुमारे ४८ हजार रुग्णांपैकी ज्यांची शेवटची तपासणी झाली, त्यांतले ९१ टक्क्यांहून अधिक बरे झाले. ही निवडलेली माणसे नव्हती. मोठा भाग खेड्यातला.

चिठ्ठीबद्दल आणखी एक. टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्याला चिठ्ठी म्हणजे कागदाचा तुकडा. पलीकडच्याला ती दुसरी इमारत, दुसरा केसपेपर, दुसरी रांग, बुडालेला रोज आणि नव्या अनोळखी माणसासमोर पुन्हा तोच प्रश्न : 'आधीचा काही आजार?' एचआयव्ही असलेल्या माणसाने एका खिडकीवर विश्वास कमावलेला असतो, त्यासाठी त्याला कधी कधी वर्षे लागलेली असतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने त्याची गोपनीयता जपण्याची हमी दिली आहे. पण कायद्याचे कलम दाखवत रांगेत उभे राहता येत नाही. मग तो त्या इमारतीत जातच नाही, आणि आपण नोंद करतो की 'रुग्ण पाठपुराव्याला आला नाही'.

पूर्वपक्ष : ठीक, एका खिडकीचे म्हणणे समजले. आता अवघड जागेवर या. दोन्ही विषाणू असलेल्यांत मोठा वाटा सुईने नशा करणाऱ्यांचा आहे. आज बरा केला, उद्या पुन्हा सुई उचलली, परवा पुन्हा लागण. सीची लस नाही आणि बरे झाल्यावर संरक्षणही राहत नाही. सार्वजनिक पैशाने हे चक्र चालवायचे का? निदान सहा महिने नशा सोडल्याचे दाखवा आणि मग औषध घ्या, एवढी अट तरी रास्त नाही का?

उत्तरपक्ष : जगात दोन्ही विषाणू असलेल्यांची संख्या २०१६ च्या एका अंदाजात २३ लाख होती, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक सुईने नशा करणारे होते; तुमचा मुद्दा काल्पनिक नाही. भारतात याचे सर्वांत जुने रूप मणिपूरमध्ये दिसते. म्यानमारच्या सीमेवरून हेरॉइन आले आणि एकच सुई अनेक हातांतून फिरली. नव्वदचे दशक उजाडताना एचआयव्ही वणव्यासारखा पसरला, आणि सी त्याच सुईतून गेला. एचआयव्ही असलेल्या, सुईने नशा करणाऱ्या तिथल्या पुरुषांची पाहणी २००० मध्ये छापून आली. दहांतल्या नऊ जणांच्या रक्तात सीच्या खुणा होत्या. त्याच पाहणीत त्यांच्या बायकाही तपासल्या होत्या. त्यांनी कधी सुई धरलेली नव्हती, तरी शंभरात बाराजणींत सीच्या खुणा निघाल्या. अट घालायचीच तर ती या बायकांनाही घालणार का? त्यांनी काय सोडल्याचा दाखला आणायचा?

पण त्यांना वगळून फक्त नशा करणाऱ्याबद्दलच बोलू, कारण खरा वाद तिथे आहे. असा माणूस गोळ्या नीट घेणार नाही, हे गृहीतक तपासलेले आहे. अलीकडेपर्यंत सुईने नशा करत असलेल्या शंभरावर लोकांना सोफोसबुवीर-वेल्पाटासवीर देणाऱ्या चाचणीत ९४ टक्के बरे झाले. मधले काही डोस चुकले होते, तरीही. म्हणजे सहा महिने नशामुक्तीची अट औषधाच्या परिणामासाठी लागत नाही. ती मग कशासाठी उरते? लायकी ठरवण्यासाठी. क्षयरोग्याला दारू सोडल्याचा दाखला मागून मग औषध देणारे क्षय केंद्र आपण चालवू देणार नाही. तो रोज खोकतो आहे आणि त्याच्यापासून इतरांना लागण होते, हे आपल्याला कळते. सीचेही तेच आहे, फक्त खोकला ऐकू येत नाही.

पुन्हा लागण होते, हे खरे आहे आणि आकडा लहान नाही. पश्चिम युरोपातल्या मोठ्या शहरांत, एचआयव्हीसह जगणाऱ्या समलिंगी पुरुषांत सी बरा झाल्यावर पुन्हा लागण होण्याचा दर शंभर जणांमागे वर्षाला सातच्या वर आढळला. या आकड्यावरून उपचार वाया जातात असा निष्कर्ष काढण्याआधी नेदरलँड्समध्ये काय घडले ते पाहावे. तिथे सर्वांना विनाअट औषध खुले झाल्यावर याच गटातल्या नव्या लागणी २०१४ ते २०१६ या दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आल्या. ऑस्ट्रेलियाने मार्च २०१६ पासून कुठलीही अट न घालता औषध दिले. तिथल्या दोन्ही विषाणू असलेल्यांच्या एका पाहणीगटात रक्तात सी सापडणारे २०१४ मध्ये शंभरात ८२ होते, २०१८ मध्ये ८ राहिले. कारण सरळ आहे. ज्याच्या रक्तात विषाणू नाही, त्याच्या सुईतूनही तो पुढे जात नाही. सर्वांत जास्त सुया वाटून घेणाऱ्याला आधी बरे करणे, हा त्या सुयांच्या शेवटी असलेल्या सगळ्यांचा उपचार आहे. सोबत स्वच्छ सुया आणि नशेला पर्यायी औषध म्हणून ब्युप्रिनॉर्फिन किंवा मेथाडोन हवे, कारण दोन्ही एकत्र दिल्यास लागणीचा धोका तीनचतुर्थांशाने घटतो. पुन्हा लागण झालेला माणूस आपल्याला सांगतो की सुया कमी पडल्या. गोळ्या जास्त झाल्या, असे तो सांगत नाही.

पूर्वपक्ष : मणिपूर-पंजाबचे ठीक. महाराष्ट्रात, जिथे दोन्ही असलेले थोडे आहेत, तिथे प्रत्येकाची चाचणी करण्याचा खर्च का?

उत्तरपक्ष : थोडे आहेत म्हणूनच. एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाची प्रतिपिंडांची साधी चाचणी एकदा करायची आणि ज्याला धोका चालू आहे त्याचीच पुन्हा पुन्हा. जे सापडतील त्यांचा उपचार स्वस्त आहे. सुरुवातीला अमेरिकेत सोफोसबुवीरच्या एका गोळीची किंमत हजार डॉलर होती, १२ आठवड्यांचे ८४ हजार. भारतात पेटंटला विरोध करणाऱ्यांत एचआयव्हीसह जगणाऱ्यांची दिल्लीतली संघटना होती, हे विसरू नये. २०१६ मध्ये पेटंट मिळाले खरे, पण त्याआधीच परवान्यांवर भारतीय कंपन्या हे औषध बनवू लागल्या होत्या. आज जेनेरिक कोर्स जागतिक खरेदीत ६० डॉलरच्या आसपास मिळू शकतो. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. महाराष्ट्रातही मार्ग फक्त सुईचा नाही. रक्तपेढ्यांत सीची तपासणी सक्तीची झाली ती या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी रक्त घेतलेले, थॅलेसेमियाचे, डायलिसिसवरचे, गल्लीतल्या दवाखान्यात न उकळलेल्या सुईने इंजेक्शन घेतलेले लोक इथेही आहेत. त्यांना स्वतःला माहीत नाही. देशातल्या पंधरा शहरांत सुईने नशा करणाऱ्या साडेचौदा हजार लोकांची पाहणी झाली, तेव्हा सी असलेल्यांपैकी शंभरात पाच-सहांनाच ते ठाऊक होते. हेपटायटिस बीला लोक 'पांढरी कावीळ' तरी म्हणतात. सीला आपल्या बोलीत नावच नाही. ज्याला नाव नाही त्याची चौकशी कोण करणार?

पूर्वपक्ष : औषध संपले की माणूस येत नाही, हे तर पंजाबातही झाले. शेवटची तपासणी राहून जाते. बरा झाला की नाही हे कळतच नाही.

उत्तरपक्ष : म्हणून तर एआरटीची खिडकी. औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी रक्तात विषाणूचा आरएनए सापडला नाही तर माणूस बरा झाला, आणि फक्त सी असलेला माणूस या तपासणीला गळतो, कारण त्याला परत येण्याचे दुसरे कारण नसते. एचआयव्हीसह जगणारा येतोच. त्याच्या टीएलडीची पुढची बाटली तिथेच असते. सीची तपासणी त्याच दिवशी त्याच सुईच्या टोचणीत होऊ शकते. अनेक ठिकाणी क्षयाच्या तपासणीसाठी जीनएक्स्पर्ट यंत्र असते किंवा गोव्यातल्या कंपनीने बनवलेले ट्रूनॅट. दोन्हींवर सीचा आरएनएही पाहता येतो. यकृत आधीच गाठाळले असेल तर सी गेल्यावरही सहा महिन्यांनी एकदा सोनोग्राफी लागते, कारण कर्करोगाची भीती कमी होते, संपत नाही. हेही त्याच खिडकीवरून सांगता येते.

आणि एक नोंद. सी बरा झाला तरी प्रतिपिंडे रक्तात आयुष्यभर राहतात. पुढे कधी हर्नियाच्या किंवा दाताच्या शस्त्रक्रियेआधी कुणी साधी चाचणी केली की पट्टीवर दोन रेघा उमटणार, आणि एचआयव्हीच्या जोडीला सीही आहे म्हणून त्या माणसाला पुन्हा घाबरवून परत पाठवले जाणार. म्हणून बारा आठवड्यांनंतरचा अहवाल हाती आला की समुपदेशकाने त्याची एआरटीची हिरवी पुस्तिका मागून घ्यावी आणि त्यात वाचता येईल अशा अक्षरात, तारखेसह लिहावे : हेपटायटिस सी, उपचार पूर्ण, आरएनए आढळला नाही.